जिभेचा काटा

दर महिन्याच्या दोन तारखेला, पेन्शन जमा झाली की
हिलाल आबा माझ्या दुकानाची पायरी चढतात,
पिशवीतून मागल्या खेपेचा पुडा काढतात, अर्धा उरलेला,
आणि गल्ल्यासमोर ठेवतात, पंचनाम्याला ठेवावा तसा.
‘हाई ती शेव नही शे, भाऊ.’

मी म्हणतो, आबा, तोच कारखाना, तीच छाप,
पाकिटावरचा मोर तेवढा जरा लठ्ठ झालाय.
ते म्हणतात, तूरडाळ शिजते पण गल्लीला कळत नाही.
म्हणतात, गूळ गोड आहे, पण नुसताच गोड आहे.
म्हणतात, टोस चहात बुडवला की पूर्वी दम धरायचा;
हल्ली बोटं सुटायच्या आत बशीत बसतो.

मीही काही अगदीच साव नाही.
शंभर ग्रॅमचा पुडा ब्याऐंशीवर आला तेव्हा
मुकाट फळीवर मांडला.
शेंगदाण्याच्या तेलात शेंगदाणा किती
ते डब्याच्या पाठीवर लिहिलंय, मुंगीच्या अक्षरात,
आणि चष्मा असून मी ते कुणाला वाचून दाखवलं नाही.

पण सगळंच कारखान्यावर ढकलता येत नाही.
चाळीस वर्षं, पारोळ्याच्या या पेठेत,
येईल त्या पोत्यातली चिमूट मी जिभेवर ठेवत आलो.
दादा सांगायचे, तराजूचा काटा सरकार तपासतं,
जिभेचा आपला आपणच.
डोळे मिटून सांगायचो, हे धने यंदाचे, हे गेल्या सालचे.
कुणी कुरकुरलं तर म्हणायचो,
‘माल तोच आहे, तोंड बदललं असेल तुमचं,’
आणि वर हसायचो.

या मार्चात, मसाल्याच्या दिवसांत, दोंडाईच्याहून मिरची आली.
पोतं उसवलं. एक तुकडा, बियांसकट, दाढेखाली धरला.
थांबलो.
काहीच आलं नाही.
म्हणजे आलं, पण लांबून,
मागच्या गल्लीत कुणी दुसऱ्याच कुणाला हाक मारावी तसं.
व्यापाऱ्याला फोन लावला, नको नको ते बोललो.
तो म्हणाला, शेठ, माल तोच आहे, तुमचं तोंड...
आणि पुढचं शहाण्यासारखं गिळलं त्यानं.

मग भटूला बोलावलं. एकोणीस वर्षांचा, बारावीत एकदा अडकलेला,
दिवाळीपासून माझ्याकडे पुड्या बांधतो.
चावला त्यानं तुकडा. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी,
हात झाडत माठाकडे पळाला.
‘जीभ जयी ऱ्हायनी, शेठ!’
इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.
इतकं वाईटही.

तेव्हापासून पोतं आलं की आधी भटू.
मी पावती वाचतो, तो चव सांगतो.
गिऱ्हाइकांना वाटतं, मालक पोराला धंदा शिकवतोय.

आज आबा आपला पुडा तसाच टाकून गेले.
दुपारी शटर अर्धं ओढून मी जेवायला बसलो:
कळण्याची भाकरी, आणि ठेचा,
ज्यात घरची माणसं हल्ली चार मिरच्या जास्त घालतात
आणि मला सांगत नाहीत.
भटू साखरेच्या पोत्यांवर पाय पसरून
आबांनी बाद केलेली शेव खात होता.
चुरा तळहातावर झटकला, फक्की मारली,
मग पुडा उभा फाडून
आतली चंदेरी बाजू चाटून लख्ख केली.
‘कशी आहे?’
‘एक नंबर.’

त्याला सांगावंसं वाटलं, सावकाश खा.
चाळीस वर्षांनी कुठल्याशा पायरीवर उभा राहून
तू हीच मागशील,
पाम तेलाची, ब्याऐंशी ग्रॅमची, लठ्ठ मोराची,
आणि गल्ल्यावरचा माणूस तुला म्हणेल...

तेवढ्यात शटरखालून कुणी वाकून विचारलं,
पाव किलो गूळ मिळेल का.
ढेप फोडली. सवयीनं एक खडा जिभेवर ठेवला.
दुसरा भटूच्या हातावर.