गाढव एक, करडे, डावा कान फाटका

कोंडवाडा बुक, सन अठराशे एकोणसत्तर.
पुठ्ठा गेलेला, शिवण शाबूत.
पान उलटलं की अजून वाळू सांडते,
शाई सुकवायला कुणी भुरभुरलेली,
दीडशे वर्षं ओळींच्या बेचक्यात बसून राहिलेली.
मी ती फुंकत नाही. तळहाताने गोळा करतो
आणि त्याच पानात परत सोडतो.

पानामागे चाळीस रुपये मिळतात मला.
मोडीचं देवनागरी करायचं, बाकी काही करायचं नाही.
वकिलांना हवी आहे हद्द :
भवानी पेठ कुठे संपत होती, लष्कर कुठून लागत होतं,
कारण ओढ्याकाठच्या त्या पट्टीवर
आता अठरा मजले उभे राहायचेत.
नकाशा वाळवीने खाल्ला. सनदा सापडत नाहीत.
उरली आहेत ही जनावरं.

म्हैस एक, काळी, शिंगं मागे, दंड चार आणे.
शेळ्या तीन, पैकी एक गाभण.
तट्टू, लंगडं, मालक हजर नाही, लिलाव.
बैल एक, पांढरा, शेख मदार वलद शेख लाल याचा.
मदार म्हणतो, बैल आपण होऊन गेला नाही, हाकून नेला.
तक्रार लिहिली आहे.
निकाल लिहिलेला नाही.

आणि मग साळू कोम हैबती कुंभार.
गाढव एक, करडे, डावा कान फाटका.
आषाढात एकदा, श्रावणात दोनदा,
भादव्यात तर पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी.
सरकारं दोन आहेत हे त्या गाढवाला ठाऊक नव्हतं,
त्याला हराळी ठाऊक होती.

लष्कराचा दंड आठ आणे, खुराकी वेगळी.
शहराचा दोन.
आठ आण्यांत किती मडकी, मी हिशेब करून पाहिला.
मडक्याचा भाव कुठल्याच बुकात नाही.

कारकून विसाजी त्रिंबक.
अक्षर बारीक, बोरू तिरका कापलेला,
'ह'ला उगाचच एक लांब शेपूट.
जनावर कुठे सापडलं ते लिहिणारा हात हा एकच.
आषाढात तो लिहितो : हद्दीच्या दगडापलीकडे वीस हात, लष्करात.
श्रावणात : दगडापलीकडे, परंतु लगत.
पुन्हा श्रावणात : दगडाला टेकून उभे.
भादव्यात : दगडाअलीकडे पाच हात, सबब शहर.

हराळी तीच, ओढा तोच, गाढव तर तेच.
दगडच चालू लागला होता
पूर्वेला,
बोरूच्या एकेका फराट्याने.

दया म्हणावं, तर त्याच पानाच्या समासात
आणखी एक ओळ आहे, घाईत लिहिलेली :
कचेरीत रांजण एक, नवा.
किंमत मांडलेली नाही.
मी त्या ओळीवर बराच वेळ थांबलो.
मग वाटलं, पाणी तर मदारही प्यायला असेल,
तक्रार सांगून घसा कोरडा पडल्यावर.

दुपारी वकिलाचा फोन :
"दगड नक्की कुठे होता? एकच आकडा द्या."
मी म्हटलं, चार आहेत.
"शेवटचा घ्या," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

शेवटच्या नोंदीखाली
दोन आणे पावले, निशाणी बांगडी.
बायांची बांगडी बहुतेक कारकूनच काढून टाकतात,
वाकडी, पापडासारखी, पुढच्या माणसाला हाक मारता मारता.
ही तशी नाही.
रेघ जाड, बोरू नको इतका दाबलेला,
आणि गोल मात्र असा, की चाकावरून नुकताच उतरलाय.

देवनागरीत तिच्यासाठी अक्षर नाही.
मी कंसात 'निशाणी' लिहितो,
खोडतो,
पेन्सिल घेऊन तसा गोल काढायला बघतो.
तिसऱ्यांदाही जमत नाही.

पानात अजून थोडी वाळू आहे.