नाकासमोर

जानेवारीत सोदान्क्युलाला साडेदहाला उजाडतं,
तेही उपकार केल्यासारखं.
त्या उजेडात केर्त्तूबाई गाडी घेऊन आल्या.
शाळेतल्या बाई, तक्रारही हजेरी घेतल्यासारखी:
"रिकाम्या रस्त्यावर ही आपोआप ब्रेक मारते.
कुणासाठी, ते सांगत नाही."

नोव्हेंबरात रेनडिअर धडकलं होतं.
रोव्हानिएमीच्या पोरांनी बंपर बदलला,
रंग असा जुळवला की जखम मलाही बोटानं शोधावी लागली.
पण बंपरच्या आत साबणाच्या वडीएवढा रडार,
त्याच्या एका कानाचा पत्रा मुडपलेला.
तो कुणी पाहिला नाही.
आणि तो पाहत होता भलतंच.

"किती वाकडा?"
एक अंश, बाई. त्याहूनही कमी.
माझ्या नखातल्या काळ्या रेघेएवढा.
इथं, बंपरपाशी, तो काहीच नाही.
शंभर मीटरवर दीड मीटर होतो,
दोनशेवर तीन,
म्हणजे आपला रस्ता सोडून शेजारी नाक खुपसणं.
वळणावरच्या बसथांब्याच्या पत्र्यासाठी ही थांबत होती,
आणि जिच्या मागून चालली होती
ती गाडी हिच्या लेखी नव्हतीच.

टायरांत हवा, टाकी भरलेली, डिकी रिकामी.
डिकीत निघाले अकरा गोठलेले मासे, बहिणीसाठी.
"यांचंही वजन धरतं का हे?"
धरतं.
मासे बाहेर बर्फात खोचून ठेवले, शेपट्या वर.

माझ्याकडे लेझर आहे, हिरवा, महाग.
रेइनो त्याला मान देतो, विश्वास देत नाही.
त्याचा बाप होड्या बांधायचा;
बापाचा पितळी ओळंबा खिशातून काढून
तो बोधचिन्हाच्या मधोमध धरतो,
श्वास रोखतो,
ओळंबा डुलतो, डुलतो, मग विचार बदलतो.
फरशीवर खडूचा ठिपका.
मागेही तसाच.
गाडीचं सरळ म्हणजे तिच्या नाकाचं सरळ नव्हे, तो म्हणतो,
मागची चाकं जिकडे ढकलतात, ते.
(हे तो मला सहा वर्षं सांगतोय.)

मग तिकाटण्यावर पत्र्याचा त्रिकोणी कोनाडा,
आणि माझ्या हातात पेचकस.
पाव फेरा.
अजून थोडा.
नको, मागे.
केसभर. केसाच्या निम्म्यानं.
पडद्यावर शून्य आलं आणि गेलं,
पाहुणा दारातूनच परतावा तसं,
मग आलं आणि बसलं.

तरी काम संपत नाही.
यानंतर तिला रस्त्यावर शिकवावं लागतं,
कुणाच्या तरी मागून चालवून.
चौथ्या महामार्गावर निघालो, बाई शेजारी.
दोन्ही बाजूंना पाइन, मध्ये पांढरं, पुढे पांढरं.
पडदा म्हणतो: अडतीस टक्के. पुढे वाहन नाही.
वीस किलोमीटर. अडतीस टक्के.
नाकासमोर चालायला शिकवायचं
तर नाकासमोर कुणीतरी हवं,
आणि आमच्या तालुक्यात माणसं कमी.
"वर्गातही सातच आहेत," बाई म्हणाल्या, खिडकीला.

तेवढ्यात फाट्यावरून ओन्नी आला,
शववाहिनी घेऊन,
पोचवून परतत होता, रिकामा,
म्हणून नव्वदच्या वेगानं.
मागचं काळं दार सपाट, रुंद, स्वच्छ धुतलेलं.
रडारला याहून चांगलं काय मिळणार?
मी अंतर राखलं. खरं तर गाडीनं राखलं.
एकसष्ट. चौऱ्याहत्तर. नव्वद.
बाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते,
आणि ओन्नी आरशात बघून हात हलवत होता,
त्याला वाटलं आम्ही ओळख दाखवतोय.

शंभर.
तो चर्चकडे वळला.
रस्ता पुन्हा मोकळा झाला
आणि गाडी, पहिल्यांदाच,
कुणासाठीही थांबली नाही.

परत आलो तर बर्फात दहाच शेपट्या.
छपरावर डोमकावळा, चोच पुसत.
बिलावर लिहिलं:
सेन्सर जुळवणी, एक. चूक, शून्य पूर्णांक नऊ अंश.
आणि खाली, रेइनोच्या अक्षरात:
वजा एक मासा.