कोपरा

टेंभी नाक्याच्या मागं, पेंढ्याच्या वखारीला लागून
पेझारकर मास्तरांचा छापखाना.
एक पायमशीन, खिळ्यांच्या चार केसेस,
आणि मासिकाचं नाव ‘पडाव’.
डावीकडून मराठी निघायची, उजवीकडून हिब्रू,
मधल्या पानावर दोघी समोरासमोर यायच्या,
तिथं मास्तर तेलाच्या घाण्याची जाहिरात टाकायचे.

माझा बाप धाकू, चेंदणीचा कोळी, त्यांचा जुळारी.
हिब्रूतलं त्याला ओ की ठो कळत नसे.
अक्षरं तो बोटांनी ओळखायचा,
अंधारात मासळी ओळखावी तशी:
लामेदची मान वर, योद म्हणजे जवळा,
शिनला तीन काटे, म्हणून तो शिंगाळा.
शनिवारी मशीन बंद.
शनिवारी बाप खाडीत.

एका वर्षी नव्याच्या सणाच्या अंकात, पहिल्याच पानावर,
परमेश्वर एक आहे, असं छापायचं होतं.
बापानं दालेतच्या घरात हात घातला
आणि त्या घरात चुकून एक रेश पडलेला.
फरक म्हणाल तर ना काना, ना मात्रा.
एकाच्या माथ्याला टोकदार कोपरा,
दुसऱ्याचा खांदा उतरता.
तीनशे वीस प्रती छापून झाल्या,
काही तर टपालातही पडल्या.

मास्तरांनी चष्मा काढला. पुन्हा लावला.
“धाकू, एहादचं अहेर केलंस.
एक होता, त्याला दुसरा केलास.”
बाप म्हणाला, “आहेर त चांगलाच की, मास्तर,
आमचे लग्नान देतान.”

मास्तर हसले नाहीत.
मग हसले.
मग रात्रभर कंदिलाशी बसून बारीक टाकानं
एकेका प्रतीवर त्या अक्षराला कोपरा काढत राहिले.
पनवेलला गेलेल्या सात प्रतींसाठी
दौत खिशात घालून एस.टी.नं गेले,
तिथून पेण, तिथून रेवदंडा.
सदऱ्याला तो डाग कायमचा राहिला.
सिबियाबाई झिराडकरांनी ओटीवर पाट देत विचारलं,
एवढ्याशा टोकासाठी एवढा प्रवास?
म्हणाले, तुमची वर्गणीही थकलीय, बाई.

पुढं पत्तेच बदलू लागले.
टेंभी नाका खोडून लोद.
पेण खोडून दिमोना.
तिकिटांचा खर्च कागदापेक्षा वर गेला.
शेवटच्या अंकाला एकोणीस नावं, त्यातली चार वारलेली,
त्यांनाही मास्तरांनी अंक पाठवला,
परत आला तर बघू म्हणाले.

मशीन विकलं. झिजलेले खिळे कोणी घेईना,
ते थकल्या पगारापोटी बापाला मिळाले,
मराठी, हिब्रू, सगळं एकाच पाटीत.
बापानं ते चुलीवर वितळवले
आणि जाळ्याच्या गोळ्या ओतल्या.
नऊ वर्षं अख्खा ‘पडाव’ खाडीच्या तळाला जायचा,
कधी बोईटं घेऊन वर यायचा,
कधी नुसता चिखल.

बाप गेल्यावर होडीच्या लायसनच्या डब्यात
सणाचा तो अंक सापडला, चौघडी घातलेला.
मला तरी कुठं वाचता येतं.
त्या ओळीचं डावं टोक शोधायला दुपार गेली.
खांदा उतरता.
शाई नाही. कोपरा नाही.
ही एक प्रत त्यानं मास्तरांच्या हाती लागू दिली नव्हती,
का, ते विचारायला आता दोघंही नाहीत.

पेन्सिलीला टोक काढून मी बसले होते.
ते टोक अजून तसंच आहे.