साकीनाक्याचं नाशिक

साकीनाक्याला, लेथच्या गाळ्यावर तिसऱ्या मजल्याला
आमचं नाशिक होतं.
दहा बाय आठ. भिंतींना करडा स्पंज,
एसीचं पाणी बादलीत.
काचेवर चिकटवलेल्या कागदावर
मी नावं लिहून ठेवली होती:
द्वारका, शालिमार, मुंबई नाका, कॉलेज रोड.
कुठून कुठे वळायचं ते ठाऊक नव्हतं,
पण कुठे तुंबलंय ते मी रोज सांगायचे,
अगदी आत्ताच तिथून आल्यासारखी.

नाशिकला मी एकदाच गेले होते, चौथीच्या सहलीत.
बसमध्ये उलटी झाली, तेवढीच आठवण.

अकरा महिने आम्ही तिथे बीट वाजवला.
गोवंडीची पोरं, कळव्याची,
मालवणीतली एक मुलगी, जी यमकात शिव्या द्यायची
आणि शिवीच्या जागी आम्ही कुकरची शिट्टी टाकायचो.
आणि सातपूरचा दर्शन आहेर.
व्हॉल्व्हच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करून
रात्री दीडला मोबाइलवर गाऊन पाठवायचा.
आवाजामागे मोरीतला नळ ठिबकत असे.
मी तो नळ काढला नाही.
तालात होता.

सेल्सचे किल्लेदार सर म्हणायचे,
गाणी बरी आहेत गं, पण ऐकतं कोण?
ऐकतात, सर.
ऐकणारा वेगळा, घेणारा वेगळा.
सराफाला हवी मुलीची आई,
सिमेंटवाल्याला प्लॉट घेतलेला माणूस,
क्लासवाल्याला बाप.
तुझा श्रोता काय घेतो, सांग.

मी यादी करून दिली:
पाचाचे वेफर्स,
शंभराचं पेट्रोल,
इअरफोन, एक कान बंद पडला तरी तेच.
त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली.
हसतील असं वाटलं होतं.

मुंबईत खपतं हे, ते म्हणाले,
इथे शंभरात एक वेडा निघाला तरी भागतं.
तिथे शंभरात एक म्हणजे
चार-पाच मंगल कार्यालयं भरतील, बस्स.
आणि मोजणारी बाई वही घेऊन दुपारी येते.
दुपारी दार कोण उघडतं?
आजी. सून. कधी कुरिअरवाला.
दर्शन तेव्हा व्हॉल्व्ह घासत असतो.
वहीत तो नाही,
म्हणजे नाशकातच नाही.

शुक्रवारी ठरलं. सोमवारपासून जुनी गाणी,
गोड, तासाला अकरा.
मी एका बैठकीत चाळीस तुकडे बोलून टाकले,
प्रत्येकात "आठवतंय का?" एकदा.
मला बाई काय आठवणार.
पण पगार एक तारखेला होतो
आणि आवाज माझा चांगला आहे, असं सगळेच म्हणतात.
दर्शनला मेसेज केला. दोन निळ्या खुणा.
मग काही नाही.

गुरुवारी फोन आला. पंचवटीतून,
बाइक मॉडिफाय करणारा कुणी इम्तियाज.
म्हणे, तीन हजार आहेत, आत्ता पाठवतो,
माझी जाहिरात त्या नळाच्या गाण्यानंतर लावा.

किल्लेदारांनी फोनवर हात धरला.
माझ्याकडे पाहिलं. हात काढला.
ते आता बंद झालंय, म्हणाले, पण संध्याकाळी सातला
सदाबहारमध्ये जागा आहे, सवलतीत.
पलीकडे थोडा वेळ पाना आपटल्याचा आवाज.
नको साहेब. तिथे माझं गिऱ्हाईक नसतं.

फोन ठेवला.
खिशातून ती घडी काढली, घामाने मऊ झालेली,
आणि इअरफोनच्या खाली
बारीक अक्षरात लिहिलं: सायलेन्सर.
पुढे आकडा घालावा की नाही, यावर थांबले.

तेवढ्यात लाल दिवा लागला.
मी सांगितलं, द्वारकेला वाहतूक सुरळीत आहे.
असेल.