टेप

नागभीडच्या पुढे एका फाट्यावर बसने मला सोडलं
आणि माझ्या अंगावर धूळ टाकून ती निघून गेली.
पिशवीत तीस मीटरचा टेप, खडू, मुरमुऱ्यांचा पुडा,
आणि एक यादी,
जिच्यात शेवटची ओळ कोणीतरी माझ्या जन्माआधी लिहिलेली :
अनुक्रमांक एकोणीस. कोसमटोला. शिळावर्तुळे, अंदाजे चाळीस.

त्या 'अंदाजे'साठी मी चार दिवसांची रजा टाकली होती.

लाखोळी निघालेल्या बांध्या, पायाखाली टोचणारे धसकट.
धुऱ्यावर एक बाई भेटली, डोक्यावर तुराट्यांचा भारा.
"गोटे पायाले आल्या का?"
हो म्हटलं.
"मंग चाला. तिकडूनच जातो मी."
सायत्रा कुमरे.
नाव तिने विचारल्यावर नाही, अर्ध्या वाटेत आपणहून सांगितलं.

सदतीस भरली.
एका वर्तुळातले चार गोटे बोअरिंगपाशी गेलेत, कपडे धुवायला.
एकाला बकरी बांधलेली होती,
ती टेपचं टोक चघळू लागली.
सायत्राबाई भारा उतरवून बसली
आणि बघत राहिली मला,
आपल्या घरातली भांडी परकं कोणी मोजताना बघावं तशी.

"खाली कोन हाये?"
तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं, मी म्हणाले.
अशा जागी घोड्याचे लगाम सापडतात. लाल मणी.
"नावं?"
नाही माहीत.
"मंग मोजता काय?"

मी टेप गुंडाळत होते. पात्याने बोट कापलं थोडंसं.

"माह्या बी मोजून द्या ना एक."

येनाच्या झाडाखाली तिचा गोटा.
उभा, नुकताच कुठून तरी चालत येऊन थांबल्यासारखा.
त्यावर निळ्या रंगाने सायकल,
एक कोंबडी, एक छत्री,
आणि हातातलं घड्याळ, काटे सव्वाचारवर.
"माहा भाऊ. दसरू नैताम. सायकलवर टोस्ट इकत जाय."
तिने गोट्याच्या डोक्यावरचं पान झटकलं.
"खुश असन तं गोटा वाढते. नसन तं जमिनीत जिरते.
रोवला तवा माह्या कमरेले होता. आता पाहा."

ती शेजारी उभी राहिली.
गोटा कमरेच्या वर, चांगला चार बोटं.
तीन वर्षांत तीही वाकली असेल,
एवढे भारे वाहून. हे मी बोलले नाही.

एक मीटर चार.
"हातात सांगा जी."
दोन हात, सात बोटं.
"वाढला नं?"

मागचा आकडा माझ्याजवळ नव्हता.
यादीत सगळ्यांचे होते, ज्यांची नावं नव्हती त्यांचे.

बाबांना मी एकदाच मोजलं.
कापडाच्या दुकानात, सकाळी साडेसातला,
अर्धं शटर उघडून तो माणूस म्हणाला, उंची?
साडेपाच फूट, अंदाजे,
मी म्हणाले, आणि त्याने जरा जास्तच फाडलं.
राख वैनगंगेत. फोटो टीव्हीच्या वर.
त्यांना काही वाढता येईल
अशी जागा आम्ही कुठे ठेवली नाही.

"वाढलाय," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जसं हे तिला ठाऊकच होतं
आणि फक्त सरकारी टेपची सही हवी होती.
"पुढच्या साली या. टेप हाच आना.
दुसरा टेप लबाड बोलते."
मी उरलेले मुरमुरे दिले.
तिने मूठभर गोट्यापुढे ठेवले, बाकीचे पदरात बांधले,
भारा मी डोक्यावर चढवून दिला.
माझ्या दोन्ही खांद्यांतून कळ गेली.

बस तासभर उशिरा आली.
यादीत एकोणीसच्या खाली जागा नव्हती,
म्हणून समासात आडवं लिहिलं :
दसरू नैताम. टोस्ट. सायकल. दोन हात आणि

रस्ता असा होता की पेन्सिल दोनदा उडाली.
घरी आल्यावर दिव्याखाली धरून पाहिलं.
सात आहे की आठ,
माझं मलाच वाचता येईना.