एतो

डिसेंबर संपत आला की गायमानमध्ये ऊन चढतं.
पॅटागोनियाचा वारा चॅपलच्या मागच्या खोलीची
एकुलती एक खिडकी वाजवत राहतो.
आत पाचजण. मी सहावी, पाहुणी,
चहा ओतायच्या बोलीवर बसू दिलेली.

नियम एलिनेदबाईंनी फळ्यावर लिहिलाय:
वर्षाचा शब्द वेल्शच हवा, स्पॅनिश उसना नको,
आणि या वर्षात गावात कुणीतरी
तो खरोखर तोंडानं उच्चारलेला हवा.
दुसऱ्या अटीवरून दरसाल भांडण होतं.

मागच्या वर्षीचा शब्द 'कुलूप',
किराणा दुकान बंद झालं तेव्हाचा.
यंदा नेलिदा प्यू म्हणाली, 'पीठ',
दर सोमवारी त्याचा भाव पुसून ती नवा लिहिते.
एकोणीस वर्षांचा ब्लेदिन म्हणाला, 'सिग्नल',
आणि तो वेल्श की कसा, यात अर्धा तास गेला,
निम्मा केक गेला.
'गाळ' आला. 'बस' आली, उशिरा.

कालव्याच्या झडपा उघडणारा इथेल
टोपी गुडघ्यावर ठेवून गप्प.
तुमचं काय, असं दोनदा विचारल्यावर म्हणाला,
"एतो."

एतो म्हणजे पुन्हा.
एतो म्हणजे अजून. अजून नाही, असंसुद्धा.

"हे काही नाम नाही," एलिनेदबाई म्हणाल्या.

"मोर्विद एवढंच बोलते," तो म्हणाला. "मार्चपासून.
बाकीचे शब्द गेले. माझं नावही त्यातच.
चमचा पुढे केला की एतो.
खिडकी लावली की एतो.
आणखी हवंय की इतक्यात नको,
मी दोन्ही करून बघतो."

हात मोजायची वेळ आली नाही.
बाईंनी वहीत शब्द लिहिला,
अर्थाच्या रकान्यात पेन टेकवलं,
उचललं, शाईचा ठिपका तसाच राहू दिला,
आणि पुढचा विषय घेतला: छताची गळती.

उठताना इथेलनं कप माझ्या हातात दिला,
टोपी घातली, आणि दारात, वाऱ्याकडे तोंड करून,
कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटला,
"एतो."

माझ्या कानांनी आपलं तेच ऐकलं
जे ते जन्मापासून उंबऱ्यावर ऐकत आलेत.
काही कळायच्या आत
तोंडून निघून गेलं,
"या."