अकरा टक्के

पाजपंढरीत रात्री दोनला जागे असतात
बर्फाचा कारखाना, कुत्री,
आणि माझ्या लॅपटॉपचे दोन पंखे.

पुण्याच्या बिल्डरला सकाळी नऊला हवाय
मुरुडच्या किनाऱ्यावरचा बंगला,
जो अजून नाहीच.
तिथे सध्या केवडा आहे आणि एक विहीर.
मी त्याला पोहायचा तलाव दिलाय,
तलावात आभाळ,
आभाळात रोजंदारीवरचे चार बगळे.
उरल्यात नऊशे फ्रेम, एकेकीला एकतीस सेकंद.
हिशेब पाऊण तासाने चुकतो.

म्हणून कोअरची पट्टी सरकवते उजवीकडे.
साठ. नव्वद. एकशे तीस.
मेमरीला पाचशे.
हात इतका हलका,
जसा दुसऱ्याच्या ताटातली तुकडी उचलताना.

एकतीसची फ्रेम अठ्ठावीसवर येते.
तीन सेकंद.
हसू नका, नऊशेने गुणा.

दापोलीच्या सरफराज मुकादमने दिवाळीत हा उघडला होता.
तांब्याच्या पात्यांवर हिरवट बुरा, मिठाची साय.
“ताई, आत सुकट वाळत घालता का?”
मग पेस्ट लावता लावता, मान वर न करता म्हणाला,
“चिप बोर्डालाच डकवलेली असते ह्यात.
ती गेली की सगळंच गेलं. बत्तीस हजार धरा.”
मी बत्तीस हजार धरले नाहीत.
घरी येऊन लॅपटॉपखाली चार करवंट्या ठेवल्या, हवेसाठी,
पण हवा कुठली, ती समुद्राचीच,
ओली, खारी, आधीच कुणीतरी वापरलेली.

एक्क्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
सत्त्याऐंशीला तो आपणच पाऊल आखडतो,
चाबूक खाऊन बसकण मारणाऱ्या बैलासारखा,
आणि अठ्ठावीसची फ्रेम होते चौतीस.
मी टेबलफॅन शोधायला उठते
तोवर बिल्डरच्या तलावात
उमटतात हिरवे चौकोन,
एक, सात, मग मोजता येत नाहीत.
क्षणभर वाटलं, असू दे.
काळोख्या रात्री वल्हं मारलं की पाणी असंच पेटतं इथे.
पण बिल्डरला पेटणारं पाणी नकोय.

मग पडदा काळा. पंखे गप्प.
बर्फाच्या कारखान्याचा आवाज
एकदम घरात आला.

बाबा ओटीवर उठून बसला होता.
“कवरा मिलला जास्ती?”
“अकरा टक्के.”
“अकरा?” तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
“मीनी पन एकदा सील तोरलेला.”

ती गोष्ट मला पाठ आहे.
गव्हर्नरचं शिशाचं सील पकडीने कापलेलं,
‘हेमलक्ष्मी’ बोंबलत सुटलेली,
हर्णैच्या वाळूवर त्या दिवशी पहिली सुरमई आमची,
दुसरी होडी येईपर्यंत भाव आम्ही सांगू तो.
त्या पैशात घराला पत्रे आले.
पुढच्या हंगामात आंजर्ल्यासमोर पिस्टन धरला,
आणि नऊ तास ते तिघे
लाटेवरच्या करवंटीसारखे.
पहिला भाग बाबा सांगतो.
दुसरा आई.

लॅपटॉप चालू झाला. चारशे बारा फ्रेम शाबूत होत्या.
मेमरी शून्यावर आणली. ठिपके तिचेच असतात.
कोअर नव्वदवर.
टेबलफॅन बाबाच्या उशाशी होता;
त्यानेच तो उचलून करवंट्यांकडे वळवला
आणि घामात झोपला,
तोंड भिंतीकडे करून.

शेवटची फ्रेम नऊ वाजून अकरा मिनिटांनी पडली.
बिल्डर साडेदहाला उठला.
म्हणाला, बगळे छान आहेत,
पण दोनच ठेवा.

दुपारी जाळं शिवता शिवता बाबाने विचारलं,
“सील लावलास ना परत?”
मी हो म्हटलं.
पट्टी नव्वदवरच आहे.